बालकांतील आमवात व उरोगत उपद्रव : सफाळे-बोईसर परिसरातील वैद्य व औषधी विक्रेत्यांसाठी काही विचार

प्रस्तावना

संधिवात हा उतारवयाचा विकार, ही समजूत समाजात इतकी रुजलेली आहे की दोन-तीन वर्षांचे मूल सकाळी उठल्यावर पाय टेकीत नसेल तर घरातील मंडळींना प्रथम आठवते ते पडणे, मुरगळणे किंवा दृष्ट लागणे. प्रत्यक्षात सोळा वर्षांच्या आतील बालकांत सहा आठवड्यांहून अधिक काळ टिकणारा आणि अन्य कारण न सापडणारा संधिशोथ हा एक सुस्पष्ट व्याधिसमूह आहे. अर्वाचीन शास्त्रात त्यास जुवेनाइल इडिओपॅथिक आर्थ्रायटिस असे म्हणतात. त्याच्या सात प्रकारांपैकी एका प्रकारात सांध्यांपेक्षा ज्वर प्रबळ असतो, आणि याच प्रकारात गेल्या दोन दशकांत फुप्फुसांचा एक घातक उपद्रव वैद्यकविश्वाच्या लक्षात आला आहे. हा उपद्रव विरळ आहे. परंतु तो आरंभी मूक असतो, आणि ओळखण्यास उशीर झाल्यास जीवावर बेतू शकतो.

आपल्या परिसरात पूर्वेकडील डोंगरपाडे असोत, एडवण-दातिवरे-केळव्याची किनारपट्टी असो वा बोईसरच्या कामगार वसाहती, बालकाचा ताप आणि सांधेदुखी प्रथम पाहतो तो बहुधा गावातील वैद्य, आणि त्याच्याही आधी औषधाच्या दुकानातील विक्रेता. म्हणून हा विषय केवळ मुंबईच्या तज्ज्ञांवर सोडून चालणार नाही.

ग्रंथोक्त विचार

आमवाताचे स्वतंत्र निदान माधवकरांनी माधवनिदानाच्या पंचविसाव्या अध्यायात केले. अग्निमांद्यातून उत्पन्न झालेला आम वायूने प्रेरित होऊन श्लेष्मस्थानांकडे धावतो, ही तेथील संप्राप्ती सर्वांस परिचित आहे. अंगमर्द, अरुची, गौरव, ज्वर, अपाक व अंगांची शूनता ही सामान्य लक्षणे आणि प्रवृद्धावस्थेतील हृद्ग्रहासारखी लक्षणे यांचा तेथे उल्लेख आहे. येथे ‘श्लेष्मस्थान’ या शब्दावर थोडे थांबावयास हवे. चरकाचार्यांनी सूत्रस्थानाच्या विसाव्या अध्यायात श्लेष्म्याची स्थाने सांगताना उर, शिर, ग्रीवा, पर्व म्हणजे सांधे, आमाशय आणि मेद यांची गणना केली असून त्यांतही उर हे विशेष स्थान मानले आहे. सांधा आणि उर ही दोन्ही एकाच दोषाची निवासस्थाने असल्याने संधिगत आमाच्या रुग्णाची छाती तपासणे हे आपल्या शास्त्राच्या दृष्टीने वेगळे काम नव्हे; ती त्याच परीक्षणाची पुढची पायरी होय.

विमानस्थानाच्या पाचव्या अध्यायात प्राणवह स्रोतसाच्या दुष्टीची लक्षणे आहेत. श्वास अतिदीर्घ होणे, अडखळणे, थोडा-थोडा आणि वारंवार होणे, सशब्द वा सशूल होणे ही ती लक्षणे. यांपैकी अल्प आणि वारंवार श्वास हे लक्षण प्रस्तुत विषयात सर्वांत मोलाचे आहे. कारण या बालकांच्या फुप्फुसांत घुरघुर किंवा शिटीसारखा आवाज पुष्कळदा नसतोच. स्टेथोस्कोपला काही ऐकू आले नाही म्हणून छाती निर्दोष, असा निष्कर्ष काढू नये.

आमवात आणि अर्वाचीन बालसंधिशोथ हे शब्द एकमेकांचे पर्याय नव्हेत, हेही येथेच नमूद करतो. काही रुग्ण आमवाताच्या, काही वातरक्ताच्या, तर काही सन्निपातज ज्वराच्या चौकटीत अधिक बसतात. नामकरणाचा वाद बाजूस ठेवून उपद्रवाचा विचार करणे हेच रुग्णहिताचे आहे.

अर्वाचीन विचार

लंडनच्या ग्रेट ऑर्मंड स्ट्रीट येथील बालरुग्णालयात काम करणाऱ्या जॉर्ज फ्रेडरिक स्टिल यांनी १८९७ मध्ये २२ बालकांचा अभ्यास प्रसिद्ध केला. प्लीहा व लसीकाग्रंथींची वृद्धी आणि हृदयावरणाचा शोथ यांसह येणारा बालसंधिवात मोठ्यांच्या संधिवाताहून भिन्न आहे, हे त्यांनी दाखवून दिले. आज आपण ज्यास सिस्टेमिक प्रकार म्हणतो तो हाच. पाश्चात्त्य देशांत बालसंधिशोथाच्या दहा रुग्णांत सुमारे एक या प्रकाराचा असतो. भारतीय रुग्णालयांतील नोंदींत त्याचे प्रमाण याहून अधिक आढळते.

त्याचे चित्र असे असते. किमान दोन आठवडे ताप; तो दिवसातून एकदा, बहुधा सायंकाळी, चढतो आणि नंतर प्राकृत वा त्याहूनही खाली उतरतो. ताप चढला की छातीवर, पोटावर, मांड्यांवर फिकट गुलाबी पुरळ उमटते व ताप उतरताच मावळते. ताप असताना मूल मलूल, ताप नसताना खेळते. सांधे आरंभी सुजतीलच असे नाही. काहींत सांध्यांची सूज आठवड्यांनी, महिन्यांनी येते. यकृत, प्लीहा व ग्रंथी वाढतात. रक्तातील श्वेतकण, प्लेटलेट व ईएसआर वाढलेले असतात.

या प्रकारात फुप्फुसावरणात पाणी होणे हा पूर्वीपासून ज्ञात उपद्रव आहे. तो छातीत दुखण्याने स्वतःस प्रकट करतो व योग्य उपचाराने बहुधा बरा होतो. मात्र २०१३ मध्ये अमेरिकेतील किमुरा व सहकाऱ्यांनी प्रसिद्ध केलेल्या २५ बालकांच्या अभ्यासाने सर्वांना खडबडून जागे केले. या बालकांपैकी १६ जणांत फुप्फुसधमनीतील रक्तदाब वाढलेला होता, ७ जणांत फुप्फुसाच्या अंतर्भागातील ऊतींचा विकार होता, तर ५ जणांत वायुकोशांत प्रथिनयुक्त द्रव्य साठलेले होते. काहींत एकाहून अधिक विकृती होत्या. फुप्फुसविकाराचे निदान झाल्यानंतर सरासरी ८.८ महिन्यांत १७ बालके दगावली. २० बालकांना रोगाच्या ओघात मॅक्रोफेज ॲक्टिव्हेशन सिंड्रोम हा दुसरा घातक उपद्रव होऊन गेलेला होता. पुढे २०१९ मध्ये सेपर व सहकाऱ्यांनी विविध देशांतील ६१ बालकांची नोंद प्रसिद्ध केली. तीत रोगारंभी वय लहान असणे, बोटांची टोके अल्पावधीत फुगून लाल होणे, नेहमीच्या पुरळाहून वेगळे खाजरे पुरळ येणे आणि रक्तातील इओसिनोफिल वाढणे ही चिन्हे ठळक दिसली. श्वसनाच्या तक्रारी मात्र अनेकांत अत्यल्प होत्या.

या रुग्णांची संख्या २००४ नंतर वाढलेली दिसते आणि त्याच काळात बायोलॉजिकल औषधांचा वापर वाढला. अमेरिकेत टोसिलिझुमॅबला या रोगासाठी २०११ मध्ये व कॅनाकिनुमॅबला २०१३ मध्ये मान्यता मिळाली. या औषधांनी असंख्य मुलांना स्टेरॉइडच्या दुष्परिणामांपासून वाचविले आहे. काही विशिष्ट जनुकीय प्रकृतीच्या बालकांत या औषधांची विलंबित प्रतिक्रिया फुप्फुसविकारास कारण होत असावी, असे एक मत आहे. अनियंत्रित रोग हेच मूळ कारण, असे दुसरे. वाद संपलेला नाही. अशा वेळी आपण पालकांना ‘ती सुई बंद करा’ असे सांगणे सर्वथा अनुचित होय. शंका आल्यास ती उपचार करणाऱ्या बालसंधिवाततज्ज्ञांच्या कानी घालावी.

दोन फसवी लक्षणे

मॅक्रोफेज ॲक्टिव्हेशन सिंड्रोममध्ये शरीरातील संरक्षक पेशी अनिर्बंध होऊन रक्तपेशींचाच ग्रास घेऊ लागतात. येणारा-जाणारा ताप अखंड होतो, मूल ग्लानीत जाते, यकृत वाढते, कोठे रक्तस्राव होतो. याच वेळी ईएसआर मात्र खाली येतो, कारण रक्तातील फायब्रिनोजेन घटलेले असते. वाढलेल्या प्लेटलेटही उतरून ‘नॉर्मल’ आकड्यावर येतात. रुग्ण बिघडत असताना अहवाल सुधारल्यासारखा दिसणे, हे या उपद्रवाचे वैशिष्ट्य. २०१६ मधील आंतरराष्ट्रीय निकषांनुसार या व्याधीच्या ज्वरित बालकात फेरिटिन ६८४ नॅनोग्रॅमच्या वर असून पुढील चारांपैकी दोन बाबी आढळल्यास हे निदान करावे : प्लेटलेट १ लाख ८१ हजार वा त्याहून कमी, एसजीओटी ४८ च्या वर, ट्रायग्लिसराइड १५६ च्या वर, फायब्रिनोजेन ३६० वा त्याहून कमी. रुग्ण डोळ्यांपुढे ढासळत असताना ईएसआर उतरला म्हणून आपल्या काढ्यास यश आले, असे समजणे घातक ठरेल.

दुसरे फसवे लक्षण म्हणजे खोकला. आपल्या भागात खोकल्याला कारणे शोधावी लागत नाहीत. चुलीचा धूर, वीटभट्ट्यांची धूळ, पावसाळ्यातील ओल, डास घालविण्याच्या कॉइल ही घरोघरची. शिवाय केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०१८ च्या मूल्यांकनात तारापूर औद्योगिक क्षेत्र देशातील अतिप्रदूषित क्षेत्रांच्या अग्रभागी होते. या कारणांनी बालसंधिवातातील फुप्फुसविकार होतो, असे म्हणण्यास आधार नाही. धोका वेगळाच आहे. हाताशी इतकी सोयीची कारणे असल्यामुळे संधिवाती मुलाचा कोरडा खोकला ‘हवेचा’ म्हणून सितोपलादी चूर्णावर महिनोन्महिने काढला जातो. ज्या बालकास ज्वरप्रधान आमवात आहे त्याचा दोन आठवड्यांहून अधिक टिकणारा खोकला हवेचा ठरविण्यापूर्वी फुप्फुसांची तपासणी झालीच पाहिजे.

व्यवच्छेदक निदान

ताप, सांधेदुखी आणि धाप हे त्रिकूट दिसले की ते बालसंधिवाताचेच, असेही नव्हे. पालघर जिल्ह्यात पुढील व्याधींचा विचार अग्रक्रमाने करावा.

१) सिकलसेल – आदिवासी समाजात याचे प्रमाण लक्षणीय आहे. लहान बालकांत हातापायांच्या बोटांची वेदनायुक्त सूज हे पहिले लक्षण असू शकते आणि छातीतील तीव्र उपद्रव प्राणघातक ठरतो. १ जुलै २०२३ रोजी आरंभिलेल्या राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियानांतर्गत सरकारी यंत्रणेत तपासणी उपलब्ध आहे. आदिवासी पाड्यावरील मुलास आमवाताची चिकित्सा सुरू करण्यापूर्वी ही तपासणी करून घ्यावी.

२) रक्ताचा कर्करोग – रात्री झोपमोड करणारी हाडांची वेदना, सूज कमी पण दुखणे फार, फिकटपणा, घटलेल्या प्लेटलेट. येथे आधीच दिलेले स्टेरॉइड निदान झाकून टाकते.

३) ऱ्हुमॅटिक ज्वर – एका सांध्यातून दुसऱ्यात फिरणारी वेदना, काही आठवडे आधी घसादुखी. यातील धाप फुप्फुसांची नसून हृदयाची असू शकते.

४) क्षय – सर्वपरिचित, बायोलॉजिकल औषधे घेणाऱ्या बालकात तर नेहमीच स्मरणात ठेवावा.

५) मलेरिया, लेप्टोस्पायरोसिस, चिकुनगुन्या – पावसाळ्यात व त्यानंतर.

चिकित्सालयात काय पाहावे

काश्यपसंहितेच्या सूत्रस्थानातील वेदनाध्यायात, बोलू न शकणाऱ्या बालकाची पीडा त्याच्या हालचालींवरून कशी ओळखावी, याचे विवेचन आहे. तीच दृष्टी येथे उपयोगी पडते. लहान मूल ‘मला धाप लागते’ असे सांगत नाही. ते खेळ सोडून आईच्या कडेवर बसते, जिना चढताना मध्येच थांबते, दूध ओढताना दम घेते. माउली म्हणते, ‘झोपेत ह्याचं पोट उडतं.’ हे वाक्य कानी पडताच लेखणी खाली ठेवून पुढील पाच गोष्टी कराव्यात. त्यांना पंधरा मिनिटेही लागत नाहीत.

प्रथम, श्वास मोजावा. मूल शांत असताना, शक्यतो झोपेत व ताप उतरलेला असताना, पोटाकडे पाहत पूर्ण एक मिनिट मोजावा. पंधरा सेकंद मोजून चौपट करू नये. दोन महिन्यांपासून एक वर्षापर्यंत ५०, एक ते पाच वर्षांपर्यंत ४० आणि त्यापुढे ३० हे आकडे ओलांडले तर ती जलद श्वसनाची खूण समजावी.

दुसरे, बोटे पाहावीत. दोन्ही हातांच्या तर्जनींची नखे एकमेकांस पाठीला पाठ लावून धरण्यास सांगावे. प्राकृतावस्थेत नखांच्या मुळाशी शंकरपाळ्याच्या आकाराची बारीक फट दिसते. ती फट नाहीशी झाली असेल तर बोटांची टोके फुगू लागली आहेत असे समजावे. शामरॉथ या दक्षिण आफ्रिकी हृदयतज्ज्ञाच्या नावाने ही परीक्षा ओळखली जाते. तिला ना वीज लागते, ना यंत्र. फुप्फुसांच्या अन्य तक्रारींपूर्वीही हे चिन्ह दिसू शकते; म्हणून ज्वरयुक्त आमवाताच्या प्रत्येक बालकाची बोटे प्रत्येक भेटीत पाहावीत.

तिसरे, पल्स ऑक्सिमीटर. कोरोनाकाळानंतर हे यंत्र बहुतेक चिकित्सालयांत आहे. विश्रांतीत एकदा आणि मूल चालू शकत असल्यास थोडे चालवून पुन्हा एकदा मोजावे. चालल्यानंतर आकडा उतरत असेल तर विश्रांतीतील आकडा चांगला असूनही समाधान मानू नये. बोटांस मेंदी वा नखरंग नसावा, हात थंड नसावेत.

चौथे, त्वचा. तापासोबत येऊन जाणाऱ्या पुरळाऐवजी खाज सुटणारे, टिकून राहणारे पुरळ नव्याने आले आहे काय, हे विचारावे.

पाचवे, वाढ. वजन व उंची वहीत लिहून ठेवावी. घटते वजन हे पुष्कळदा पहिले साक्षीदार असते.

यांपैकी एकही गोष्ट विपरीत आढळल्यास साधा एक्स-रे पुरेसा मानू नये, कारण आरंभी तो निर्दोष असू शकतो. छातीचा सीटी स्कॅन आणि फुप्फुसधमनीचा दाब पाहण्यासाठी इकोकार्डिओग्राफी आवश्यक ठरते. सफाळ्याहून डहाणू लोकलने विरार व पुढे दादर गाठले की परळचे बाई जेरबाई वाडिया बालरुग्णालय दूर नाही. १९२९ पासून ते केवळ बालकांसाठी कार्यरत आहे. महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेच्या लाभासाठी शिधापत्रिका व आधारकार्ड सोबत नेण्यास पालकांना आठवणीने सांगावे. चिठ्ठीवर ‘ताप व सांधेदुखी’ एवढेच न लिहिता तापाचे दिवस, श्वासाचा आकडा, बोटांची स्थिती आणि आपण दिलेली सर्व औषधे नावानिशी लिहावीत.

चिकित्सेविषयी मर्यादा

सौम्य, ज्वररहित, एक-दोन सांध्यांपुरत्या व्याधीत दीपन-पाचन, रूक्ष स्वेद, रास्नासप्तकासारखे कषाय व पथ्य यांना तज्ज्ञांच्या उपचारांसोबत स्थान आहे. अशा बालकांत डोळ्यांचा मूक शोथ होऊ शकतो. म्हणून नेत्रतपासणी नियमित करवावी. ज्वरप्रधान प्रकारात मात्र एकट्याने चिकित्सा करण्याचा मोह टाळावा. धाप असलेल्या बालकास वमन व तीव्र स्वेदन देऊ नये. खोलीत धूपन करू नये.

गुळवेलीचा उल्लेख अपरिहार्य आहे. ज्वर आणि आमवात दोन्हींत ती आपल्या हाताशी असते. २०२१ मध्ये मुंबईतून प्रसिद्ध झालेल्या एका वृत्तांतात तिच्या सेवनानंतर यकृतशोथ झालेल्या सहा रुग्णांची नोंद होती. आयुष मंत्रालयाने त्या निष्कर्षांवर आक्षेप घेतला आणि तत्सदृश दिसणाऱ्या अन्य जातीशी गल्लत होऊ नये, असेही पुढे सुचविले. वाद काहीही असो. ज्या व्याधीत यकृत आधीच संकटात सापडू शकते, तीत एसजीओटी-एसजीपीटी पाहिल्यावाचून गुळवेल, भल्लातक वा गुग्गुळकल्प सुरू न करणे हे विवेकाचे लक्षण होय.

औषधी विक्रेत्यांना विनंती

पहिली गोष्ट मेथोट्रेक्सेटची. हे औषध आठवड्यातून एकदाच घ्यावयाचे असते. चुकून रोज घेतल्यास रक्तपेशी घटून प्राणावर बेतते. देताना पाकिटावर वार लिहून द्यावा आणि तो पालकांकडून वदवून घ्यावा. या औषधाने क्वचित फुप्फुसशोथ होतो. नवा कोरडा खोकला व ताप असल्यास पुढचा डोस देण्यापूर्वी डॉक्टरांना विचारण्यास सांगावे.

दुसरी, स्टेरॉइडची. काही आठवडे घेतलेले स्टेरॉइड एकाएकी थांबविल्यास उलट्या, ग्लानी, रक्तदाब उतरणे असा प्रसंग ओढवतो. ‘ॲलोपॅथी बंद करून आमचे सुरू करा’ हा सल्ला या रुग्णांत कोणीही देऊ नये.

तिसरी गोष्ट आपल्या व्यवसायाच्या प्रतिष्ठेची आहे. सांधेदुखीवर ‘दोन दिवसांत गुण’ देणाऱ्या बिनलेबलाच्या पुड्या व कोऱ्या डब्यांतील गोळ्या बाजारात फिरतात. अशा मालात स्टेरॉइडची भेसळ देशात अनेकदा सापडली आहे. तिने ताप उतरतो, मूल खेळू लागते, आणि कर्करोग, क्षय वा फुप्फुसविकार आत वाढत राहतो. औषधे व सौंदर्यप्रसाधने नियमावलीतील नियम १६१ नुसार आयुर्वेदीय औषधाच्या लेबलावर घटकद्रव्ये असणे बंधनकारक आहे. भल्लातक, वत्सनाभासारखी परिशिष्ट ई(१) मधील द्रव्ये असल्यास वैद्यकीय देखरेखीची सूचनाही हवी. ज्यावर घटक, बॅच क्रमांक व उत्पादकाचे नाव नाही, तो माल फडताळात ठेवूच नये.

उपसंहार

६ फेब्रुवारी २०१३ रोजी राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा देशव्यापी शुभारंभ पालघर येथे झाला, ही आपल्या जिल्ह्यास भूषणावह घटना आहे. या कार्यक्रमाच्या फिरत्या पथकांत आयुष पदवीधरच अंगणवाड्या व शाळांतील मुले तपासतात. त्याच्या तीस विकारांच्या यादीत ऱ्हुमॅटिक हृदयविकार आहे, बालसंधिशोथ नाही. यादीत नसलेला विकार ओळखणे हे तपासणाऱ्याच्या नजरेवर अवलंबून असते. पथकातील आपल्या सहकाऱ्यांनी लंगडणाऱ्या मुलाचा सांधा पाहताना त्याची नखेही पाहिली आणि एक मिनिट श्वास मोजला, तर त्यासाठी शासनाच्या नव्या आदेशाची वाट पाहावी लागणार नाही.

चरकाचार्यांनी उपद्रवास मूळ रोगानंतर व त्याच्याच आश्रयाने उत्पन्न होणारा रोग म्हटले आहे, आणि उपद्रव पीडाकर असल्याने त्याकडे त्वरेने लक्ष द्यावे असे सांगितले आहे. आमवाती बालकाच्या बाबतीत ही त्वरा सांध्याकडून छातीकडे वळली पाहिजे. सफाळे, पालघर, बोईसर येथील प्रत्येक वैद्याच्या मेजावर सेकंदकाटा असलेले घड्याळ आहेच. ज्वरयुक्त आमवाताचे पुढचे बालक समोर येईल तेव्हा त्याचा उपयोग व्हावा, एवढीच विनंती.